पाऊणपट

मी ग्रामसेवक. इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.
वही क्रमांक चार, निळी शाई,
समासात तारीख, खाली ठराव.
या खेपेस ठराव वरूनच टाइप होऊन आलेला:
'खारदांडे खाडीकाठाचा कायापालट,
ग्रामस्थांच्या सक्रिय सहभागाने.'
ग्रामस्थ तेवढे यायचे बाकी होते.

पहिल्या सभेला सात डोकी.
तीन सदस्य, एक मी, एक शिपाई,
दोघे सावली बघून टेकलेले.
तहकूब.
पंधरवड्यानं दुसरी. तीच सात.
सल्लागार म्हणाले, "लोकांनाच उत्साह नाही.
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही ना?
मग उरकून टाका."
नियमात बसत होतं.
मी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारात इंद्रावती गिरकर,
गुडघाभर चिखल,
टोपलीतून पाणी ठिबकतंय नव्या लाद्यांवर.
"भाऊ, आज तिथ खयची?"
सप्तमी.
"साताची पाऊणपट किती?"
सव्वापाच.
"सव्वापाचाक भरती. म्हंजे अकराक सुकती.
सुकतीक आमी तिसऱ्यो काढुक खाडीत,
आणि तुमची सभा अकराक.
मगे कोण येतला?"

एकवीस वर्षं या किनाऱ्यावर नोकरी.
नोटिशीत वार घातला, वेळ घातली,
तिथी कधी घातली नाही.
टोपण लावलं. लिहिलं:
पुढील सभा पौर्णिमेस, अकरा वाजता, भरतीला.

पौर्णिमेला खाडी काठोकाठ.
खुर्च्या पुरल्या नाहीत, शाळेतल्या सतरंज्या आणल्या.
नकाशा जमिनीवर पसरला तेव्हा
खाडी त्यात नुसतीच निळी होती,
मधल्या वाळूवर एकच शब्द: पडीक.

झुलेखा सोलकरनं पिशवीतून शिंपले काढले.
एकेक ठेवत गेली.
"हयसर कालवां.
ही बायांची पुळण.
हय मुळे, पण पावसानंतर.
आणि ह्या जाग्यार माझो घो गेलो,
तांय लिवा."
पडीक शब्द दिसेनासा झाला.

सगळं एकमतानं झालं, असं मी लिहिणार नाही.
आग्नेल, गोव्यातलं हॉटेल सोडून आलेला, म्हणाला,
जेटी होयीच. बर्फासाठी किती फेऱ्यो मारू?
इंद्रावतीची सून रसिका भिंतीला टेकून उभी होती.
"आये, माका म्हयन्याचो पगार होयो.
तुझो चिखल माका नको."
इंद्रावतीनं पदरानं हात पुसले,
कोरडेच होते.
हे वहीत नाही.

मग कुणीतरी विचारलं,
पर्यटकाच्या रुपयातलं गावात किती ऱ्हवतला?
साहेबांनी टक्केवारी सांगितली.
"आण्यात सांगा."
मीच हिशेब केला: दोन आणे.
बाहेर नारळाच्या झावळ्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.
"तिथीची पाऊणपट भरती," इंद्रावती म्हणाली,
"रुपयाची पाऊणपट आमची.
बारा आणे."
साहेब हसले.
एकटेच हसले.

त्यानंतर जे झालं ते सभा नव्हती,
लिलावावर पापलेटाचं होतं ते होतं.
अडीच. चार. बारा. पाच. बारा.
सात आण्यांवर आले तेव्हा साडेतीन वाजले होते,
पाणी उतरायला लागलं,
आणि बाया उठल्या. भाव मधेच टाकून,
चपला शोधत, टोपल्या डोक्यावर.
सुकती साहेबांसाठी थांबत नाही.

लिहिलं एवढंच:
जेटी दीडशे हात उत्तरेला. बर्फ आधी, कॉटेजेस मागाहून.
वाट्याचा विषय अपूर्ण.
पुढील सभा अमावास्येस, अकरा वाजता.
शिपाई कुजबुजला, अवसेक कोण ठरवता काय?
म्हटलं, खाडीक विचार.

नकाशा अजून तिथेच आहे.
गुंडाळायचा तर शिंपले पडतील,
कुठला कुठे होता ते मला ठाऊक नाही.
साहेब म्हणाले होते, उद्या नेतो.
आज तिसरा दिवस.
शिपाई त्याच्या कडेकडेनं केर काढतो.